पांढऱ्या झिलईखालची माती



विषय जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न मला चार जणांनी विचारला. 'सर, इंग्रजांच्या दोन-तीनशे वर्षं जुन्या बश्यांचं आपल्याले काय करायचं?' प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की बशी हे निमित्त आहे. माणूस वस्तू जमवतो तेव्हा तो नेमकं काय ठेवतो आणि काय टाकतो, हा आजचा विषय आहे. आणि त्या इंग्रजी बश्या जमवणाऱ्यांनी या बाबतीत काही गोष्टी आपल्यापेक्षा बऱ्या केल्या, काही आपल्याइतक्याच वाईट केल्या. दोन्ही पाहू.

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्याकडे कल्हई माहीत आहे. पितळेची पातेली घेऊन आपण कल्हईवाल्याकडे जायचो. भट्टी, भाता, नवसागराचा धूर, आणि पिवळ्या भांड्याच्या पोटात एकदम चांदीसारखा उजेड. ते कथील. तेच कथील मातीच्या भांड्यावर दुसऱ्या रीतीने वापरता येतं. शिशाची झिलई काचेसारखी पारदर्शक असते, खालची माती दिसते. तिच्यात कथलाची राख मिसळली की झिलई दुधासारखी पांढरी आणि अपारदर्शक होते. खाली तांबूस-पिवळट स्वस्त माती, वर शुभ्र पांढरं अंग. अशा भांड्यांना इंग्लंडमध्ये नंतर डेल्फ्टवेअर म्हणू लागले, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावावरून.

ही युक्ती इंग्रजांची नाही, डचांचीही नाही. नवव्या शतकात इराकमध्ये, बसऱ्याच्या बाजूला, चीनची पांढरी भांडी समुद्रमार्गे येत. तिथल्या कुंभारांकडे तशी माती नव्हती आणि तेवढी कडक भट्टीही नव्हती. मग त्यांनी साध्या मातीला कथलाचं पांढरं कातडं चढवलं. ही रीत पुढे स्पेनमध्ये गेली, इटलीत गेली, तिथून अँटवर्पला. १५६७च्या सुमारास यास्पर आन्द्रीस आणि याकोब यान्सेन हे दोन कुंभार अँटवर्पहून इंग्लंडात नॉरिचला आले, आणि काही वर्षांत लंडनच्या ऑल्डगेटला भट्टी लागली. पुढे साउथवर्क, लॅम्बेथ, ब्रिस्टल, लिव्हरपूल. म्हणजे ब्रिस्टलची बशी ही नकलेच्या नकलेची नकल. प्लेटोने तिला नगराबाहेर काढलं असतं.

इथे मला पहिला टीकेचा मुद्दा मांडायचा आहे. नकल आहे म्हणून वस्तू हलकी, हा न्याय मला मान्य नाही. नकल फसते कुठे, आणि फसल्यावर तिथे काय उगवतं, ते पाहायला पाहिजे. या भांड्याची कृती बघा. माती घडवून एकदा भाजायची. मग पांढऱ्या झिलईच्या पातळ काल्यात बुडवायची. ती सुकली की पृष्ठभाग टिपकागदासारखा होतो. त्यावर कोबाल्टची निळी, मँगनीजची जांभळी, तांब्याची हिरवी, अँटिमनीची पिवळी अशी रेघ ओढायची आणि पुन्हा भाजायचं. कुंचला टेकला की रंग शोषला गेला. खोडता येत नाही, परत फिरता येत नाही. त्यामुळे चितारणाऱ्याला झपाझप काम करावं लागे. ज्याने आयुष्यात चिनी माणूस पाहिला नाही असा ब्रिस्टलचा कारागीर चिनी पूल आणि चिनी झाड काढतो, आणि ते झाड दोन फटकाऱ्यांत स्पंजाचा ठसा होऊन बसतं. चीन हुकतो. पण हातात जे येतं ते दुसऱ्या कोणाचंच नसतं. मोठ्या थाळ्यांवर आदम आणि हव्वा असत, दुसरा चार्ल्स राजा असे, कडेला तिरप्या निळ्या रेघांची माळ. शरीररचनेच्या दृष्टीने तो आदम नापास आहे. पण झाड, साप, दोन माणसं आणि एक फळ एवढी गोष्ट तो एका दमात सांगतो. रंगवणाऱ्याला दुसरा दम मिळणारच नव्हता.

आता या भांड्याची खोड. माती मऊ, झिलई काचेसारखी ठिसूळ. कडा उडतात. उकळतं पाणी ओतलं तर तडकण्याची भीती. इंग्लंड चहा प्यायला लागलं आणि या भांड्याचे दिवस भरत आले. जोसाया वेजवुडने फिकट दुधी रंगाची, पातळ, टणक आणि स्वस्त भांडी काढली. १७६५मध्ये शार्लट राणीसाठी चहाचा संच केला आणि मालाला 'क्वीन्स वेअर' असं नाव मिळालं. अठराव्या शतकाच्या अखेरीस कथलाच्या झिलईची भांडी जवळजवळ बंद पडली. जी उरली ती अडगळीत गेली.

आणि इथून संग्राहक सुरू होतो. वस्तूचा उपयोग संपल्याशिवाय तो बहुधा येत नाही.

आपल्याकडे म्हणतात, फुटकं भांडं घरात ठेवू नये बापा, अवदसा येते. इंग्रजी संग्राहकाचं उलट. या भांड्यांच्या कडा उडालेल्या असायच्याच. एखादी थाळी अगदी निर्दोष दिसली तर जाणता माणूस आधी शंका घेतो. कडेला टवका उडालेला असला की आतली तांबूस माती दिसते, बोटाने चाचपता येते. आमच्या शास्त्रात शिंपल्याचं आणि चांदीचं उदाहरण आहे. दुरून चांदी वाटते, जवळ गेल्यावर शिंपला निघतो, आणि खरं ज्ञान झालं की चांदीचा बाध होतो, तिचं आकर्षण जातं. इथे गंमत अशी की टवक्यातून माती दिसते, पोर्सेलीनचा भ्रम जातो, तरी आकर्षण जात नाही. ते वाढतं. संग्राहकाला भ्रम आणि भ्रमनिरास दोन्ही एकाच वेळी हातात हवे असतात. वेदान्ताच्या वर्गात हे उदाहरण मला फार कामाला आलं असतं.

दुसरी गोष्ट. छांदोग्यात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो, त्याचा भावार्थ असा की मातीचा एक गोळा कळला की मातीचं सगळं कळलं, घट-शराव ही नुसती नावं. संग्राहक नेमका उद्दालकाच्या विरुद्ध टोकाला उभा असतो. मातीला तो दमडी देणार नाही. त्याला नाम-रूप हवं. साल कोणतं, गाव कोणतं, अक्षरं कोणाची. या भांड्यांवर पुष्कळदा तीन अक्षरांचा त्रिकोण असतो. वर आडनावाचं अक्षर, खाली नवऱ्याचं आणि बायकोचं. लग्नाची थाळी. १६०० साल घातलेली एक थाळी लंडनच्या संग्रहालयात आहे, कडेने राणी एलिझाबेथसाठी शुभचिंतन. पण बघा, उद्दालक शेवटी सूड घेतोच. थाळी लंडनची की हॉलंडची हा वाद रेघा बघून मिटत नाही, तेव्हा मातीचं रासायनिक पृथक्करण करावं लागतं. नाम-रूप ठरवायला परत मातीकडेच जावं लागतं.

या संग्राहकांतला मला आवडणारा माणूस म्हणजे जे. डब्ल्यू. एल. ग्लेशर. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणिताचा अध्यापक, अंकशास्त्रावर काम केलेला. १९२८मध्ये वारला आणि आपला प्रचंड संग्रह फिट्झविल्यम संग्रहालयाला देऊन गेला. त्यात इंग्लंडच्या खेडवळ मातीच्या भांड्यांना मोठी जागा आहे, कथलाच्या झिलईची आहेतच. ग्लेशरने नोंदी ठेवल्या. वस्तूला क्रमांक, वर्णन, कुठून आली ते. १९३५मध्ये बर्नार्ड रॅकमने त्या संग्रहाची सूची छापली. पुढे १९८४मध्ये लिप्स्की आणि आर्चर यांनी तर साल घातलेल्या इंग्रजी भांड्यांचाच एक ग्रंथ केला. भट्ट्यांच्या जागी खणून निघालेले खापरांचे ढीग अभ्यासले गेले. एका टाकाऊ ठरलेल्या मालाची एवढी कुंडली मांडली, ही गोष्ट मोठी आहे. वस्तू ठेवणं आणि वस्तूबद्दल लिहून ठेवणं, यातलं दुसरं नसेल तर पहिल्याला मी संग्रह म्हणणार नाही. ती साठवण झाली.

मग यांचं चुकलं कुठे? वाल्टर बेन्यामिन हा जर्मन विचारवंत स्वतः पुस्तकांचा वेडा संग्राहक. तो म्हणतो त्याचा आशय असा की संग्राहक वस्तूला उपयोगी असण्याच्या वेठबिगारीतून सोडवतो. वाक्य सुंदर आहे. पण माझा आक्षेप आहे. वस्तू वेठीतून सुटते तेव्हा तिला ज्यांनी वेठीने वापरलं, ज्यांना वापरू दिलं नाही, ज्यांनी घासली, त्यांचा हिशोबही सुटतो. लग्नाच्या थाळीवर धन्याचं आणि धनिणीचं अक्षर राहिलं. ती रंगवणाऱ्याचं नाव बहुतेक थाळ्यांवर नाही.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात भांडी जमवण्याच्या तीन तऱ्हा मला दिसतात.

पहिली टाटांची. सर रतन टाटांनी लंडनजवळ ट्विकनमला यॉर्क हाउस घेतलं होतं. १९१८मध्ये ते इंग्लंडातच वारले. त्यांचा संग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमकडे आला, तेच आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते १९२२मध्ये लोकांसाठी उघडलं. १९३३मध्ये सर दोराब टाटांचा संग्रहही तिथे आला. चीन-जपानची भांडी पाहावीत तर तिथे. ज्याची नकल करायला बसरा, डेल्फ्ट आणि ब्रिस्टल हजार वर्षं धडपडले, तो अस्सल माल आपल्याला मुंबईत बघायला मिळतो, हे उपकार आहेत. पण हा संग्रह त्या काळच्या युरोपीय दिवाणखान्याच्या डोळ्यांनी पाहतो, असं मला वाटतं. त्यात आपलं घर नाही. ते असावं ही अपेक्षाही कदाचित चुकीची, कारण दात्याने तसं कबूल केलं नव्हतं.

दुसरी तऱ्हा जास्त गुंतागुंतीची आहे. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७चं. तिथले सुपरिंटेंडेंट जॉर्ज टेरी यांनी १८७०च्या दशकात झिलईची भांडी करण्याचा उद्योग सुरू केला. त्याच सुमाराला, १८७२पासून, जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्यात चित्रांच्या प्रतिकृती करत होते. अजिंठ्याच्या आकृती आणि वेलबुट्टी या भांड्यांवर उतरल्या. ती विलायतेत गेली, तिथल्या प्रदर्शनांत मिरवली, तिथल्या संग्रहांत बसली. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातही ती पाहायला मिळतात. १८८५मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला आग लागून ग्रिफिथ्सच्या अनेक प्रतिकृती जळाल्या, हे लक्षात घेतलं की या भांड्यांची किंमत आणखी वाढते.

अजिंठा आपल्या बुलढाण्याच्या शिवेवर. म्हणून मी ही भांडी जरा हक्काने तपासतो. माझा निवाडा असा. ब्रिस्टलच्या कारागिराने चीनची नकल करताना त्याला कोणी शिकवत नव्हतं की खरा चीन असा असतो. तो फसायला मोकळा होता. मुंबईच्या विद्यार्थ्याला मात्र साहेब सांगत होता की हिंदुस्थान असा असतो, आणि गिऱ्हाईकही साहेबच. त्यामुळे ही भांडी हाताने फार चांगली आणि मनाने जपून केलेली आहेत. लेण्यातली आकृती अंधारात, भिंतीच्या खडबडीत अंगावर, कथेच्या ओघात येते. फुलदाणीवर ती सुटी, धुतलेली आणि नीट कापलेली दिसते. टेरीचं नाव राहिलं, शाळेचं नाव राहिलं, चाकावर बसलेल्या कुंभाराचं नाव बहुधा राहिलं नाही. तरीही काही नगांत निळ्या-हिरव्या झिलईचा ओघळ आकृतीची रेघ मोडून वाहतो, आणि तिथे ते भांडं एकदम जिवंत होतं. झिलईवर साहेबाचा हुकूम चालला नाही.

तिसरी तऱ्हा पुण्याच्या दिनकर केळकरांची. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारा हा माणूस १९२०च्या सुमारास जमवायला लागला. दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, फण्या, दरवाजे. पत्नी कमलाबाई बरोबरीने. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं आणि हजारो वस्तूंचं ते घर शासनाच्या स्वाधीन केलं. केळकरांची दृष्टी ग्लेशरच्या जातीची आहे. टाकाऊ मानलेल्याला त्यांनी मान दिला. पाय घासायची वज्री कपाटात ठेवून तिच्यावरचे मोर बघायला लावणं, याला टीकाकाराची नजर लागते. माझी तक्रार पुढची आहे. एकशे एक अडकित्ते ओळीने मांडले की डोळे नक्षीवर जातात, आणि सुपारी कातरून कोणी कोणाला दिली, कोणाला ओट्याखालून दिली, हे त्या ओळीत मावत नाही.

म्हणून आता वऱ्हाड. एकोणिसाव्या शतकात आपला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' नावाने विकला जाई. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. ज्या लिव्हरपूलने शंभर वर्षं आधी कथलाच्या झिलईची भांडी केली, त्याच बंदरातून स्टॅफर्डशायरची स्वस्त छापील भांडी जगभर जात. आपल्याकडून गाठी गेल्या, तिकडून कपबश्या आल्या. सावकाराच्या वाड्यात त्या कपाटात दिसू लागल्या.

पण कपबशी घरात येणं सोपं नव्हतं. आपल्या जुन्या रीतीत धातूचं भांडं विटाळलं तर राखेने घासून चालतं, मातीचं विटाळलं तर फोडायचं. मग चिनी मातीचं काय करायचं? वरून काच, आतून माती. झिलईने आमच्या सोवळ्याची चांगलीच पंचाईत केली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक, रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य झालं, हे सर्वश्रुत आहे. पुढे उच्चवर्णीयांनी स्वतःपुरता हा प्रश्न सोडवला. लोणच्याची बरणी तर देवघराच्या शेजारी जाऊन बसली, विटाळशीचा हात लागू नये म्हणून उंचावर. आणि शेतावरच्या दलित मजुरासाठी एक वेगळी कपबशी निघाली. कान तुटलेली, गोठ्याच्या कोनाड्यात किंवा हॉटेलच्या बाहेर खिळ्यापाशी पालथी घातलेली. चहा वरून ओतायचा, धुवायची त्याची त्याने.

तीच ती टवका उडालेली बशी, बरं का. इंग्लंडमध्ये टवक्याने वस्तूचा खरेपणा सिद्ध होतो. आपल्याकडे तोच टवका ती कोणासाठी आहे ते सांगायचा. फुटकं भांडं घरात ठेवू नये म्हणणाऱ्या घरांनी एक फुटकं भांडं नेमाने सांभाळलं. ज्या दालनांतून मी फिरलो त्यांत मला अडकित्ते दिसले, अत्तरदाण्या दिसल्या. ही कपबशी दिसली नाही. अंबादेवीच्या मंदिर-सत्याग्रहाच्या गावात तरी ती दिसायला पाहिजे.

आणि हे गाव तर गाडगेबाबांचं. शेंडगावचे डेबूजी. हातातल्या खापराच्या गाडग्यावरून ज्यांचं नाव पडलं, १९५६ला वलगावजवळ ज्यांनी देह ठेवला, ज्यांच्या नावाचं विद्यापीठ इथे आहे. एका फुटक्या मातीच्या भांड्याचं नाव वागवणारं विद्यापीठ जगात दुसरं कुठे असेल असं वाटत नाही. बाबांनी त्याच गाडग्यात भाकर घेतली, तेच घेऊन गाव झाडला. झिलई नाही, कल्हई नाही, साल-अक्षरं नाहीत. भांडं वेठीतून सोडवावं लागत नाही असंही जगता येतं, हे त्यांनी दाखवलं. संग्राहकाला यापेक्षा कठोर टीकाकार मिळणार नाही.

पण बाबांचा आदर करून आपण हात झटकले तर नुकसान आपलंच. वाडे पडताहेत. बरण्या भंगारवाल्याकडे नाहीतर मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या सजावटीत जाताहेत. विदर्भातच, भद्रावतीला, कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभारून कुंभारांना चिनी मातीचं काम शिकवलं. गावच्या कुंभाराने केलेलं झिलईचं भांडं, कोणा साहेबासाठी नाही. तशी भांडी ज्यांच्या घरी असतील त्यांना ती आपण काय ठेवून आहोत ते माहीत आहे का?

माझी सूचना अगदी साधी आहे. आज घरी जा आणि एक बरणी, एक कपबशी, एक कल्हईचं पातेलं उतरवा. ग्लेशरसारखी वही करा. कुठून आलं, कोणी आणलं, त्यात काय ठेवत. एवढं कोणीही लिहील. पण पुढची दोन वाक्यं चुकवू नका. हे कोण घासायचं, आणि याला कोणाला हात लावू देत नव्हते. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा. ती उत्तरं देणार नाहीत, विषय बदलतील. तो बदललेला विषयसुद्धा लिहून ठेवा.

आणि कोणाच्या गोठ्यात ती कान तुटलेली कपबशी अजून असेल, तर लाजेने फोडून टाकू नका. नोंद करा आणि चारचौघांना दिसेल अशा ठिकाणी द्या. तिच्यापुढे नातवंडांनी प्रश्न विचारले पाहिजेत, आणि आपल्याला उत्तर देता आलं पाहिजे.

वेळ संपली. आता तुमचे प्रश्न घेतो.